लॉगमध्ये '२५०' दिसतं, तरी सभासद म्हणतात मेल आला नाही

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आणि अहवाल आम्ही सभासदांना ईमेलनेही पाठवतो. मेल सर्व्हर आमचाच आहे, लिनक्सवर पोस्टफिक्स. या वेळी सूचना गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. काहींना मेल मिळालाच नाही, काहींना बराच उशिरा मिळाला, आणि काहींना तोच मेल दोनदा आला.

लॉग उघडला तर तीन तऱ्हेच्या ओळी दिसतात:

स्टेटस=सेंट (२५० २.०.० ओके: क्यूड ॲज …)
स्टेटस=डिफर्ड (४५१ ४.७.१ ट्राय अगेन लेटर)
स्टेटस=बाउन्स्ड (५५० ५.१.१ यूजर अननोन)

तिसरी ओळ कळते, पत्ताच चुकीचा आहे. पण पहिल्या ओळीतल्या सभासदांपैकीही काही जण 'आला नाही' म्हणतायत. सभेच्या सूचनेला मुदत असते, त्यामुळे 'पाठवला' आणि 'मिळाला' यातला फरक आम्हाला सांगता आला पाहिजे. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी नेमकं काय बोलतात, आणि २५० आलं म्हणजे काय सिद्ध होतं, हे कुणी मुळापासून समजावेल का?

कळफलक

गोदातीर, यावर सविस्तरच लिहायला हवं. पण एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. एसएमटीपीत, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांत, मजकुरासोबत जबाबदारी हातातून हातात जाते. शेवटचं २५० ही त्या जबाबदारीची पोच. ते येईपर्यंत मेल तुमच्या गळ्यात, आल्यानंतर समोरच्याच्या. सभासदाच्या इनबॉक्सबद्दल ते काहीही सांगत नाही.

आता संभाषण. तुमचा पोस्टफिक्स आधी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावांच्या नोंदवहीत) समोरच्या डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे त्याचा मेल कोणता सर्व्हर घेतो याची नोंद, शोधतो, ज्या नोंदीचा आकडा लहान तो सर्व्हर आधी धरतो आणि त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतो. पुढचं सगळं साध्या मजकुरात, एकेका ओळीने चालतं. प्रत्यक्षात आज्ञा रोमन अक्षरांत असतात, इथे देवनागरीत उतरवतोय. 'पा' म्हणजे पाठवणारा, 'घे' म्हणजे घेणारा.

घे: २२० एमएक्स१.घेणारा.उदाहरण ईएसएमटीपी
पा: ईएचएलओ मेल.पतसंस्था.उदाहरण
घे: २५०-एमएक्स१.घेणारा.उदाहरण
घे: २५०-साइझ २६२१४४००
घे: २५०-पाइपलाइनिंग
घे: २५०-स्टार्टटीएलएस
घे: २५० ८बिटमाइम
पा: मेल फ्रॉम:<सूचना@पतसंस्था.उदाहरण>
घे: २५० ओके
पा: आरसीपीटी टू:<सभासद१@घेणारा.उदाहरण>
घे: २५० ओके
पा: आरसीपीटी टू:<सभासद२@घेणारा.उदाहरण>
घे: ५५० ५.१.१ यूजर अननोन
पा: डेटा
घे: ३५४ गो अहेड
पा: (हेडर, एक मोकळी ओळ, मग मजकूर)
पा: .
घे: २५० २.०.० ओके: क्यूड ॲज ७क२ड९
पा: क्विट
घे: २२१ बाय

पहिलं बघा, आधी बोलतो तो घेणारा. जोडणी झाली की पाठवणाऱ्याने २२० येईपर्यंत गप्प बसायचं असतं. स्पॅम टाकणाऱ्या प्रोग्रॅम्सना तेवढाही धीर नसतो, ते लगेच बडबडायला लागतात. पोस्टफिक्समधला 'पोस्टस्क्रीन' हेच ओळखतो: अर्धवट स्वागत करून सहा सेकंद थांबतो, आणि त्या वेळात जो मध्ये बोलेल त्याला वेगळा काढता येतो.

ईएचएलओवर, म्हणजे पाठवणाऱ्याने आपली ओळख दिल्यावर, घेणारा आपल्याला काय काय जमतं ते सांगतो. २५० नंतर आडवी रेघ असेल तर अजून ओळी येणार, मोकळी जागा असेल तर ही शेवटची. मूळ एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) म्हणून लिहिला, त्यात फक्त 'हेलो' होतं, ही यादी नव्हती. ती १९९३पासूनच्या विस्तारात आली. सध्या बहुतेक जण २००८चा आरएफसी ५३२१ उघडून बसतात.

'साइझ' मला फार उपयोगी वाटतं. घेणारा किती बाइट्सपर्यंत घेईल हे आधीच कळतं, त्यामुळे मोठा मेल पूर्ण ढकलून मग नकार ऐकायची वेळ येत नाही. तुमच्या अहवालाची पीडीएफ इथे लक्षात घ्या. जोडपत्र बेस६४मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदललं की एक तृतीयांशाने फुगतं. २० एमबीची फाइल वायरवर २७ एमबीच्या आसपास जाते, आणि मग '२५ एमबीची मर्यादा आहे, आमची फाइल तर २०चीच' असे फोन येतात.

आकड्यांचं व्याकरण छोटं आहे. पहिला अंक २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढचं दे, ४ म्हणजे आत्ता नाही, ५ म्हणजे कधीच नाही. दुसरा अंक २ असेल तर गोष्ट जोडणीची आहे (२२०, २२१, ४२१), ५ असेल तर मेलच्या कामाची (२५०, ३५४, ४५१, ५५०). त्यानंतर ठिपक्यांनी जोडलेले तीन अंक असतात, त्यांत कारण जास्त नेमकं असतं. ५.१.१ म्हणजे पत्ता नाही, ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली, ४.७.१ म्हणजे घेणाऱ्याच्या धोरणामुळे तूर्त नकार.

वरच्या संभाषणात २५० बऱ्याचदा आलंय. मेल फ्रॉमनंतरचं आणि आरसीपीटीनंतरचं २५० म्हणजे 'हा पत्ता चालेल, पुढे बोल' इतकंच. वजनदार २५० एकच, एकट्या टिंबाच्या ओळीनंतरचं. आरएफसी ५३२१ तिथे स्पष्ट आहे: ते उत्तर दिलं की मेल पोचवणं किंवा पुढे पाठवणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, आणि यंत्र बंद पडलं किंवा जागा संपली अशा कारणांनी तो हरवता कामा नये. म्हणून नीट लिहिलेला सर्व्हर मेल डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय ते २५० देत नाही.

त्यानंतर पोचवता आला नाही, तर कळवण्याचं कामही त्याचंच. तो बाउन्स (मेल पोचला नाही असं कळवणारा मेल) पाठवतो, आणि त्याच्या मेल फ्रॉममध्ये पत्ता रिकामा ठेवतो, फक्त <> इतकंच. बाउन्सचाही बाउन्स होऊन दोन सर्व्हर एकमेकांवर अखंड मेल फेकत बसू नयेत म्हणून.

अनुस्वार

छान उलगडलंय. एक शंका. मेल फ्रॉममध्ये आपण पत्ता दिला, आणि मजकुराच्या वरच्या हेडरमध्येही 'फ्रॉम' आणि 'टू' असतात. हे दोनदा कशाला? आणि दोन्ही वेगळे असले तर?

कळफलक

वेगळे असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. मेल फ्रॉम आणि आरसीपीटी टू हे पाकिटावरचे पत्ते. हेडरमधले फ्रॉम आणि टू हे आतल्या कागदावर लिहिलेले. सर्व्हर पाकीट बघूनच मेल नेतो, आतला कागद वाचून नाही. 'बीसीसी' चालतं ते यामुळेच: त्या माणसाचं नाव आरसीपीटीमध्ये असतं, हेडरमध्ये नसतं.

आणि दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवता येतो तोही यामुळेच. १९८२च्या रचनेत हेडरमधला फ्रॉम कुणी तपासतच नव्हतं. नंतर तीन गोष्टी जोडल्या गेल्या. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक डीएनएसमध्ये जाहीर करतो की माझ्या नावाचं पाकीट कोणकोणत्या आयपीवरून येऊ शकतं. डीकेआयएममध्ये काही हेडर आणि मजकूर यांवर डोमेनची सही असते. डीमार्क विचारतो की यातलं काहीतरी पास झालं का, आणि ते वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉमच्या डोमेनशी जुळतं का. यातला एसपीएफ हेडरकडे बघतच नाही, फक्त पाकिटाकडे बघतो. एसपीएफ पास झाला तरी दिसणारा फ्रॉम खोटा असू शकतो, ती फट भरायला डीमार्क आला.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलं. थोडे मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतो, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० मेल टाकणाऱ्याला तिन्ही.

रानवारा

+१. मी पुण्यात होस्टिंगच्या कामात आहे, ४५१बद्दल सांगतो. तुमच्या 'उशिरा मिळाला'चं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

ग्रेलिस्टिंग नावाचा प्रकार आहे, २००३मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेला. घेणारा तीन गोष्टी एकत्र बघतो: तुमचा आयपी, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता. हे त्रिकूट पहिल्यांदाच दिसलं तर तो ४५१ देऊन परत पाठवतो. खरा सर्व्हर मेल रांगेत ठेवून थोड्या वेळाने पुन्हा येतो, तेव्हा घेतो. स्पॅमवाला सहसा परत येत नाही, त्याच्याकडे रांगच नसते. युक्ती साधी आहे, आणि ती उभी आहे ती केवळ ४ आणि ५ या अंकांतल्या फरकावर.

पोस्टफिक्स मुळातल्या मांडणीत पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत तासाभराच्या थोडं पुढे नेतो, आणि पाच दिवसांनी थांबून पाठवणाऱ्याला कळवतो. डिफर्ड दिसलं म्हणून घाबरून सगळ्या सूचना पुन्हा पाठवू नका. एकच मेल दोनदा रांगेत बसेल आणि घेणाऱ्याला तुमची घाई संशयास्पद वाटेल.

शेकडो सूचना एकाच सेवेच्या पत्त्यांवर एका दमात गेल्या असतील तर ४२१ किंवा ४५१ वेगाच्या मर्यादेमुळेही येतं. त्या सेवेसाठी एकावेळच्या जोडण्या कमी करा. कारण शोधताना नुसता ४५१ वाचू नका, त्यापुढचं वाक्य पूर्ण वाचा. बहुतेक सर्व्हर तिथे खरं कारण लिहितात.

गोदातीर

खूप आभार. डिफर्ड झालेल्यांच्या ओळी पुढे तपासल्या. जवळजवळ सगळ्या नंतर सेंट झाल्यात, म्हणजे उशिराचं कोडं सुटलं. आता दोनदा आलेल्यांचं? आमच्या बाजूने प्रत्येकाला एकदाच पाठवलाय, यादीही तपासली.

कळफलक

लॉगमध्ये 'मेसेज मे बी सेंट मोर दॅन वन्स' असं वाक्य सापडतंय का बघा. पोस्टफिक्स अगदी याच शब्दांत इशारा देतो, आणि त्याआधी 'व्हाइल सेंडिंग एंड ऑफ डेटा' असं असतं.

घडतं असं. तुमच्या सर्व्हरने शेवटचं टिंब पाठवलं. घेणारा आता व्हायरस तपासतो, स्पॅमचे गुण देतो, डिस्कवर लिहितो. अहवालासारखं मोठं जोडपत्र असेल तर यात वेळ जातो. मग तो २५० पाठवतो, पण त्याच क्षणी मधल्या फायरवॉलने जोडणी तोडली किंवा तुमची थांबायची मुदत संपली. त्याच्या लेखी मेल घेतला. तुमच्या लेखी उत्तरच आलं नाही. तुमचा सर्व्हर मेल रांगेतून काढू शकत नाही, कारण जबाबदारी अजून त्याचीच आहे. तो पुन्हा पाठवतो, आणि सभासदाला दोन प्रती मिळतात.

ही खिंड १९८८मध्येच क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी १०४७मध्ये दाखवली होती. ती पूर्ण बुजवता येत नाही. कुठल्याही दोन यंत्रांत शेवटचा निरोप पोचला की नाही हे खात्रीने कळायला आणखी एक निरोप लागतो. एसएमटीपीने ठरवून टाकलं की शंका असेल तेव्हा मेल हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. दुसरी प्रत माणूस पुसू शकतो, न आलेल्या सूचनेबद्दल त्याला काही करताच येत नाही.

म्हणूनच आरएफसीमध्ये टिंबानंतर थांबायची मुदत सर्वांत लांब, १० मिनिटं आहे. डेटा म्हटल्यावर ३५४साठी दोन मिनिटं, पण टिंबानंतर दहा. कुणी 'सर्व्हर वेगवान करायला' ती कमी केली असेल तर परत वाढवा. खात्री करायला सभासदाकडून दोन्ही मेलचे पूर्ण हेडर मागवा. मेसेज-आयडी दोन्हीत एकच असेल तर प्रत वाटेत झालीय. आणि 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचा. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर चिकटवतो, त्यामुळे प्रवास तळापासून सुरू होतो.

सह्यकडा

स्टार्टटीएलएसबद्दल थोडं. वरच्या नमुन्यात ती पायरी वगळली आहे, पण आज बहुतेक सर्व्हर-सर्व्हर मेल तिथून जातो. ईएचएलओच्या यादीत ते नाव दिसलं की पाठवणारा 'स्टार्टटीएलएस' म्हणतो, २२० येतं, कूटबद्ध जोडणी सुरू होते, आणि ईएचएलओ पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. उघड्यावर कळलेलं सगळं विसरायचं, असा नियमच आहे.

कमकुवत जागा अशी की ती यादी उघड्या मजकुरात येते. मध्ये बसलेल्याने 'स्टार्टटीएलएस' ही ओळच गाळली, तर पाठवणाऱ्याला वाटतं समोरच्याला जमत नाही, आणि तो मेल तसाच उघडा पाठवतो. हे टाळायला डेन (२०१५) आणि एमटीए-एसटीएस (२०१८) आले. दोन्हींत घेणारा संभाषणाच्या बाहेर, आधीच जाहीर करून ठेवतो की माझ्याशी कूटबद्धच बोला. पतसंस्थेच्या मेलमध्ये सभासदांची माहिती असते, तेव्हा स्वतःच्या डोमेनसाठी एमटीए-एसटीएस लावून ठेवा.

हाताने संभाषण करून बघायचं असेल तर 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' वापरा, पण आज्ञा लहान लिपीतल्या अक्षरांत लिहा. ओळीच्या सुरुवातीला कॅपिटल 'आर' आला तर तो प्रोग्रॅम आपल्यालाच आज्ञा दिली असं समजतो, आणि 'आरसीपीटी' सर्व्हरपर्यंत जातच नाही. कॅपिटल 'क्यू'चंही तसंच. एसएमटीपीला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो. आणि घरच्या ब्रॉडबँडवरून २५ पोर्ट बहुधा बंद असतो, तेव्हा कुठल्यातरी सर्व्हरवरूनच करा. माणसाच्या मेल प्रोग्रॅमसाठी ५८७ आणि ४६५ हे पोर्ट वेगळे आहेत, तिथे आधी पासवर्ड द्यावा लागतो.

अनुस्वार

मजकुरातच एखाद्या ओळीवर एकटं टिंब असलं तर मेल तिथेच संपेल ना?

कळफलक

नाही. मजकुरातली कुठलीही ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा पुढे आणखी एक टिंब लावतो, घेणारा ते काढून टाकतो. सर्व्हर हे आपोआप करतात.

पण तुमचा प्रश्न फार खोल आहे. ओळ संपल्याची खूण एसएमटीपीत दोन अक्षरांची असते, सीआर आणि एलएफ. काही सर्व्हर नुसता एलएफही ओळीचा शेवट मानत होते. डिसेंबर २०२३मध्ये सेक कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या टिमो लॉन्गिन यांनी दाखवलं की यातून मेलच्या पोटात दुसरा मेल लपवता येतो. पाठवणाऱ्या सर्व्हरला तो एकच मेल वाटतो, घेणाऱ्याला मध्येच 'शेवट' दिसतो आणि उरलेला भाग तो नव्या आज्ञा म्हणून वाचतो. ते लपवलेलं मेल फ्रॉम त्याच विश्वासू सर्व्हरकडून आलेलं असल्याने एसपीएफही पास होऊ शकतो. पोस्टफिक्स, सेंडमेल आणि एक्झिम, तिघांनाही दुरुस्ती करावी लागली. गोदातीर, तुमचा पोस्टफिक्स त्याआधीचा असेल तर अद्ययावत करून घ्या.

मोरपंखी

थोडं वेगळं विचारते. '.भारत' डोमेन २०१४पासून आहे, देवनागरीत पत्ताही घेता येतो. मग माझ्या देवनागरी पत्त्यावर काही ठिकाणांहून मेल का येत नाही?

रानवारा

ताई, कारण पुन्हा ईएचएलओच्या यादीत आहे. पत्त्यात देवनागरी असेल तर घेणाऱ्याने 'एसएमटीपीयूटीएफ८' जाहीर करायला हवं, हा विस्तार २०१२चा. मराठी मजकुराला याची गरज नाही, तो बेस६४मध्ये गुंडाळून जुन्या सर्व्हरवरूनही जातो. पत्ता तसा गुंडाळता येत नाही. वाटेतला एक जरी सर्व्हर ते नाव जाहीर करत नसेल तर मेल पुढे सरकत नाही, परतच येतो. शिवाय कित्येक संकेतस्थळांचे फॉर्म देवनागरी पत्ता भरूच देत नाहीत, तिथे मेल निघतच नाही. तोवर त्याच पेटीला एक रोमन पत्ताही जोडून ठेवा.

गोदातीर

निकाल सांगतो. दोनदा मिळालेल्या प्रत्येकाच्या नावापुढे लॉगमध्ये तो 'मोर दॅन वन्स'चा इशारा सापडला, आणि मेसेज-आयडी एकच निघाला.

२५० येऊनही न मिळालेल्यांपैकी बरेच सभासद एकाच कारखान्यात नोकरीला आहेत आणि तिथलाच पत्ता त्यांनी दिलाय. २५०नंतर जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणून त्या २५०मधला 'क्यूड ॲज'चा क्रमांक, तारीख आणि वेळ कारखान्याच्या संगणक विभागाला कळवली. तो क्रमांक त्यांच्याच सर्व्हरने दिलेला असल्यामुळे त्यांना थोड्याच वेळात मेल सापडले. मोठं जोडपत्र असलेले बाहेरचे मेल त्यांची गाळणी बाजूला अडकवून ठेवते. त्यांनी सोडले, सभासदांना मिळाले. बाकीच्यांना स्पॅम फोल्डर बघायला सांगितलं, तिथे सापडले. पुढच्या वेळी अहवाल जोडण्याऐवजी संकेतस्थळावर ठेवून दुवा देणार आहोत.

कळफलक

उत्तम झालं. एक काम आजच करा. बऱ्याच लिनक्समध्ये लॉगरोटेट काही आठवड्यांनी जुने मेल लॉग पुसून टाकतो. सूचना पाठवल्या त्या दिवसांच्या फाइली वेगळ्या काढून सभेच्या कागदपत्रांसोबत ठेवा. नंतर कुणी विचारलं तर कोणत्या पत्त्याचा मेल, किती वाजता, कोणत्या सर्व्हरने, कोणत्या क्रमांकाने स्वीकारला, हे त्या ओळींतच आहे.